पहिली जुनी पिकअप घेताय? आधी विचारा, तिने आजवर वाहिलं काय

तुझा प्रश्न वाचला. ओतूरच्या बाजूला घरची टोमॅटो-कांद्याची शेती, वय चोवीस, हातात साडेचार लाख, २०१६ ची बोलेरो पिकअप बघून ठेवलीय, मीटरला १ लाख ३८ हजार किलोमीटर, "आत्ताच वरून-खालून रंग मारलाय" असं मालक सांगतोय आणि ४ लाख ३० हजारावर अडून बसलाय, आणि घरी वडील म्हणतात जुन्या डिझेलच्या नादाला लागू नको, त्यापेक्षा कर्ज काढून नवी घे. माझ्या पोराएवढा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. बावीस वर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतोय, त्यातली आठ वर्षं स्वतःची पिकअप मार्केटला पळवली, तेव्हा जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

आधी वडिलांचं. त्यांची भीती खोटी नाही, पण हिशेब करून बघ. नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत नऊ-दहा लाखांच्या घरात जाते, त्यातलं साडेसात लाख कर्ज धरलं तर चार-पाच वर्षं महिन्याला सोळा ते एकोणीस हजार हप्ता बसतो. टोमॅटोचं तुला मी काय सांगू, एका वर्षी क्रेटला हजाराच्या वर मिळतात आणि दुसऱ्या वर्षी तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून माल बांधावर ओतावा लागतो, हप्ता मात्र दर महिन्याला त्याच तारखेला येतो. म्हणून ज्याच्याकडे रोजचं बांधलेलं भाडं नाही त्याने पहिली गाडी जुनीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण साडेचारातले चार-तीस तू गाडीलाच घालणार असशील तर मग वडील बरोबर आहेत. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ती पैसे मागतेच, कितीही चांगली असली तरी मागते, आणि तेव्हा खिसा रिकामा असला की ऑइल पुढच्या महिन्यात बदलू, ब्रेकचं नंतर बघू असं सुरू होतं आणि तिथून चांगली गाडी पण खराब होत जाते. तुझ्या बजेटात गाडी पावणेचारच्या आत बसली पाहिजे आणि पाऊण लाख बाजूला राहिले पाहिजेत. त्यात इन्शुरन्स पण धर, मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीचाच हप्ता सोळा हजारांच्या पुढे असतो आणि हे बऱ्याच जणांच्या गाडी दारात आल्यावर लक्षात येतं.

आता मुद्द्याचं. लोक मॉडेल बघतात, मीटर बघतात, टेप आहे का बघतात. मी सगळ्यात आधी विचारतो की ही गाडी कशाला होती, म्हणजे आजवर वाहिलं काय. डिझेल पिकअपचं इंजिन दणकट असतं, नीट सांभाळलं तर दोन-अडीच लाख किलोमीटर सहज जातं, गाडीची वाट लागते ती मालाने आणि माल भरणाऱ्याने.

वाळू, खडी, विटा, सिमेंट वाहिलेली गाडी असेल तर पुढे काही बघूच नको, परत ये. तिथे दीड टनाच्या गाडीत अडीच-तीन टन भरतात आणि वरून खाणीचे, साइटचे रस्ते, चेसिसपासून (म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) गिअरबॉक्सपर्यंत काही शिल्लक राहत नाही. एमएच-०७ किंवा एमएच-०८ पासिंगची गाडी स्वस्त मिळाली तर मासळीला होती का ते बघ, बर्फाचं आणि मिठाचं पाणी हौद्यातून खाली गळत राहतं आणि चेसिसचे आडवे मेंबर आतून कुजतात, वरून काही दिसत नाही, हातोडीने हळू ठोकलं की कुठे टणटण वाजतं आणि कुठे बद्द, बद्द वाजलं की तिथे पत्रा संपला समज. दुधाची गाडी असेल तर किलोमीटर भरपूर असणार, पण घाबरू नको, एकच ड्रायव्हर, एकच रूट, वेळेवर सर्व्हिस, कारण दूध थांबत नाही म्हणून गाडी पण थांबून चालत नाही. फक्त गवळीवाड्यात दर दोनशे मीटरला थांबून थांबून क्लच आणि स्टार्टर झिजलेला असतो, तो खर्च धरायचा. सगळ्यात चांगली गाडी म्हणशील तर मंडप-डेकोरेशनवाल्याची, बेकरीवाल्याची, फर्निचरवाल्याची. हौदा भरलेला दिसतो पण वजन नसतं. अशी गाडी वीस-तीस हजार जास्त देऊन पण घ्यावी, मी स्वतः घेतलीय.

मालक खरं सांगेलच असं नाही, पण गाडी सांगते. हौद्याच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागऱ्यांच्या फटीत बोट घाल, तसला माल वाहिला असेल तर वाळू किंवा सिमेंटचा दगड झालेला थर लागतोच, कितीही वॉशिंग केलं तरी तिथला निघत नाही. मग मागे वाक आणि कमानपाटे मोज, दोन्ही बाजूचे. कंपनीच्या पाट्यांवर एक-दोन जास्तीचे पाटे चढवलेले असतील तर त्यांचा गंज आणि रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो आणि यू-बोल्टचं आटं वर कमी शिल्लक असतं. पाटे वाढवलेत याचा अर्थ एकच, ही गाडी कायम ओव्हरलोड चाललीय. पाटे वाढवून चेसिसची ताकद वाढत नाही, उलट पाटा लवचिक राहत नाही म्हणून खड्ड्याचा दणका सरळ चेसिसला जातो.

चेसिसवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तिथेच मी फसलोय. २०११ साली मी एका डीलरकडून जुनी पिकअप घेतली, खालून चकाचक काळा रंग, मला वाटलं मालकाने हौसेने सांभाळलीय. चार महिन्यांनी कांदा भरून चंदनापुरी घाट चढताना मागून कट्ट करून आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. उतरून बॅटरी मारली तर डाव्या मागच्या पाट्याचं पुढचं ब्रॅकेट चेसिसमधून सुटलेलं, एक्सल मागे सरकलेला आणि टायर हौद्याला घासत होता. तिथे आधीच भेग गेली होती, कोणीतरी आतून पट्टी मारून वेल्डिंग केलं होतं आणि वरून काळा रंग फासला होता. रात्री दोन वाजता माल दुसऱ्या गाडीत भरला, मार्केटची वेळ गेली, कांदा दुसऱ्या दिवशीच्या भावाने गेला, आणि डीलर म्हणाला बघून घेतली होतीस ना. ते त्याचं खरंच होतं, बघायला मी वाकलोच नव्हतो.

म्हणून तुझ्या गाडीला आत्ताच खालून रंग मारलाय हे वाचल्यावर माझं लक्ष बाकी सगळ्यावरून उडालं. रंग मारणं गुन्हा नाही, फिटनेसला नेताना बरेच जण मारतात. पण तू तारेचा ब्रश, बॅटरी आणि एक पोतं घेऊन जा, पोतं अंथरून गाडीखाली झोप, आणि चार जागा घासून बघ: मागच्या पाट्याचं पुढचं आणि मागचं ब्रॅकेट जिथे चेसिसला बसतं तिथे दोन्ही बाजूंना, केबिन संपून हौदा सुरू होतो तिथला लांब मेंबर, आणि पुढे स्टीअरिंग बॉक्स बसतो ती जागा. कंपनीचं वेल्डिंग सरळ, एकसारखं असतं, हाताने मारलेलं गाठीगाठीचं असतं, शेजारी वितळलेल्या लोखंडाचे बारीक थेंब उडून चिकटलेले असतात आणि रंगाखाली पण ते बोटाला लागतात. पट्टी दिसली की बोलणी बंद. भाव कमी करतो म्हणाला तरी बंद.

चेसिसवरच चेसिस नंबर ठोकलेला असतो. ट्रान्सफरला त्याची पेन्सिल छाप लागते, ती आत्ताच घेऊन बघ. नंबरवर कोरा कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवायची, आकडे कागदावर उमटतात. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखं गुळगुळीत आहे का ते बघ, आणि आरसीवरच्या नंबरशी एकेक अक्षर जुळव.

आता इंजिन. मालकाला आदल्या दिवशी सांग की मी सकाळी सहाला येतो, माझ्यासमोर पहिला सेल्फ मार. गेल्यावर पहिलं काम बोनेट उघडून इंजिनवर हात ठेवायचा. कोमट जरी लागलं तरी चहा पिऊन परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जायचं, कारण आजारी डिझेल इंजिन गरम झालं की बरं असल्यासारखं वागतं, त्याचं खरं दुखणं थंडीतल्या पहिल्या सेल्फला कळतं. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघड (गरम असताना कधीच नाही, तोंड भाजतं), पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघ, ऑइलची पट्टी काढून बघ, डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नको, पण ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काम.

मग हीटरचा दिवा असेल तर तो विझू दे आणि सेल्फ मारायला सांग, तू मागे सायलेन्सरपाशी उभा राहा. एक-दोन फेऱ्यांत लागली पाहिजे. पहिले दहा-पंधरा सेकंद थोडा पांढरा धूर चालतो. पांढरा धूर थांबतच नसेल आणि डोळे झोंबत असतील तर डिझेल नीट जळत नाही, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तो एअर फिल्टर साफ करून पण जाऊ शकतो म्हणून त्यावरून लगेच गाडी नाकारू नको.

दहा मिनिटं चालू राहू दे. मग स्लोवर असतानाच ऑइल भरायचं झाकण उघड आणि तेच झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेव. थोडी वाफ येणं, झाकण हलकं थरथरणं एवढ्या चाललेल्या गाडीला ठीक आहे. झाकण उडून पडत असेल किंवा भकभक धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-लायनर संपलेत, इंजिनकाम निघणार, म्हणजे लाखाच्या आसपास खर्च आणि दहा-पंधरा दिवस गाडी उभी, ती पण बहुतेक ऐन तोडणीच्या दिवसांत.

तुझी गाडी २०१६ ची म्हणजे बीएस-३ की बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) हे आरसीवर बघ, बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, त्याआधी शहरात एक आणि बाहेर एक असं चाललं होतं. आणि डिझेल पंप जुना मेकॅनिकल आहे की कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारा) हे मिस्त्रीला विचार. कॉमन रेल असेल तर इंजेक्टरची बाटली टेस्ट करून घे: चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात, ज्या बाटलीत डिझेल जास्त साठलं तो इंजेक्टर लीक आहे. साधी टेस्ट आहे, अर्ध्या तासाचं काम, पण त्यातून वीस-पंचवीस हजारांचा खर्च आधी कळतो. यासाठी स्वतःचा मिस्त्री सोबत ने, त्याला त्याचे हजार-दोन हजार मोकळ्या हाताने दे. एजंटच्या ओळखीचा मिस्त्री चालणार नाही, एजंटला दोन्हीकडून कमिशन असतं आणि त्याच्या मिस्त्रीला त्यातलं मिळतं. बीएस-६ म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या तुझ्या बजेटात सहसा बसणार नाहीत, बसली तर तिथे सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो काढून टाकलाय का ते विचार. गावातल्या गावात चालवून तो काजळीने भरतो म्हणून लोक काढतात, पण ते बेकायदेशीर आहे आणि तुला ते परत बसवायला परवडणार नाही.

रिकाम्या पिकअपच्या ट्रायलमध्ये निम्मंच कळतं. जमलं तर घरचे पंचवीस-तीस भरलेले क्रेट टाक आणि एखाद्या चढावर ने. तिसऱ्या गिअरला रेस वाढते पण गाडी ओढत नाही असं झालं तर क्लच प्लेट गेलीय. चढावर गिअर आपोआप निसटतो का, दुसरा टाकताना खरखर होते का, पुढे-मागे घेताना खालून टक् असा आवाज येतो का (प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस), साठच्या स्पीडला मागून हुंकारल्यासारखा एकसुरी आवाज येतो का (डिफ्रन्शियलचे क्राऊन-पिनियन). क्रॉसचा खर्च किरकोळ, क्राऊन-पिनियनचा नाही. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर भरल्या गाडीला नको, आणि रिमोल्ड केलेला पुढे तर नकोच.

किलोमीटरचं म्हणशील तर २०१६ पासून १ लाख ३८ हजार हे धंद्याच्या गाडीला मला कमी वाटतात. मीटर मागे फिरवणं फार सोपं झालंय. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअर नॉबवरची झीज, ड्रायव्हर सीटची बसलेली कड बघ, आणि गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन शेवटचं काम किती किलोमीटरला झालं होतं ते विचार, मालक सोबत असला तर सांगतात. शेतकऱ्याच्या घरी फक्त सीझनला चाललेली असेल तर एवढे असू पण शकतात, म्हणून आधीच आरोप करू नको.

कागदपत्रांना लोक कंटाळतात आणि मग वर्षानुवर्षं भोगतात. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स कुठपर्यंत आहे आणि फायनान्सचा बोजा आहे का हे आधी बघ, ई-चलन किती थकलीत तेही बघ, मालवाहू गाडीवर ते वीस-तीस हजार सहज निघतं. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नको. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची किंवा राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणून एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघ. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी लागतं, तर ते आत्ताच संपत आलं असेल तर तो खर्च आणि ती पळापळ मालकाने करून द्यावी असं भावातच ठरव. आरसीवर एकूण वजन ३००० किलोच्या वर लिहिलेलं असेल तर परमिट पण लागतं, ते कुणाच्या नावावर आहे ते विचार. लायसन्सची काळजी करू नको, एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय.

आणि नोटरीवर गाडी घेऊ नको. आपल्याकडे ही फार वाईट सवय आहे, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतात, गाडी आणतात आणि तीन-तीन वर्षं ट्रान्सफर करत नाहीत. कायद्याने एकाच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, इन्शुरन्स पण १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा. नाहीतर गाडी ठोकली तर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, आणि कुणाला लागलं तर आरसीवर नाव ज्याचं आहे त्याच्यावर येतं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, म्हणून चांगला विकणारा स्वतःच ट्रान्सफरची घाई करतो. जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नको. थोडी रक्कम, पंचवीस-तीस हजार, ट्रान्सफर होईपर्यंत मागे ठेवायची आणि तसं लिहून घ्यायचं.

गाडी घरी आली की पहिल्या भाड्याआधी हे कर, मालक कितीही म्हणाला आत्ताच केलंय तरी कर. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदल, त्या तारखेपासून तुझा हिशेब सुरू होतो. गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शियलचं ऑइल बदल, ते वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही, काढल्यावर त्यात लोखंडाची चकचकीत भुकटी दिसली तर तुला पुढचा खर्च आधीच कळतो. चारही चाकं उघडून ब्रेक लायनर, पॅड, व्हील सिलिंडर बघ, बेअरिंगला नवीन ग्रीस, ब्रेक ऑइल पूर्ण नवीन. काही गाड्यांना मागच्या एक्सलपाशी लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा वॉल असतो, त्याचा दांडा मिस्त्री लोक काढून तारेने बांधून ठेवतात, तो जागेवर आहे का बघ. फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज हाताने दाबून बघ, तडे दिसले तर बदल. रेडिएटर धुऊन कूलंट भर. आपल्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी ओततात, त्याने रेडिएटरच्या नळ्या आतून चुन्यासारख्या भरतात आणि मग चैत्र-वैशाखात माळशेज चढताना काटा वर जातो. आणि थर्मोस्टॅट वॉल काढून टाकलेला असतो बऱ्याच गाड्यांचा, "गरम होत नाही" म्हणून, तो परत बसव. इंजिन थंड चाललं की डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं. हे सगळं चाळीस-पन्नास हजारांत होतं, टायर निघाले तर वर. तो पाऊण लाख याचसाठी बाजूला ठेवायला सांगितला.

पुढची देखभाल फार अवघड नाही, पण वेळच्या वेळी. कंपनी दहा हजार म्हणते, तू भरलेली गाडी घाटात चालवणार आहेस तर ऑइल सात-आठ हजारालाच बदल, आणि कुठलं टाकायचं ते मॅन्युअलमध्ये बघून टाक, डीपीएफवाल्या गाडीत साधं ऑइल चालत नाही. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढणं पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला पाण्याचा एक चमचा सुद्धा महाग पडतो, म्हणून कॅनमधलं डिझेल ओतू नको आणि टाकी पार कोरडी होऊ देऊ नको. एअर फिल्टरला हवा मारायची ती आतून बाहेर, बाहेरून आत मारली की धूळ कागदात आणखी रुतते. ग्रीसिंग महिन्याला, क्रॉस, शॅकल पिन सगळं, दोनशे रुपयांचं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. टर्बो असेल तर घाट चढून वर आल्यावर टपरीवर थांबलास की लगेच चावी फिरवू नको, एक-दोन मिनिटं स्लोवर राहू दे, टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहतं तोवर तो निवतो.

लोडचं मात्र मला तुला हात जोडून सांगायचंय. नारायणगावचं टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, क्रेटचं स्वतःचं वजन धरून २२ धर, दीड टनाच्या गाडीत ६८ क्रेट झाले. तू बाजूला बघशील तर जाळी लावून ११०-१२० भरलेले दिसतील, म्हणजे अडीच टनाच्या आसपास. पकडलं तर कायद्याने २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, पण दंड सोड, चाळीस क्रेटच्या जास्तीच्या भाड्यात जे मिळतं ते पाटे, टायर, क्लच आणि बेअरिंग वर्षभरात परत घेतात, आणि ब्रेक ज्या वजनासाठी बनवलाय त्याच्यापेक्षा टनभर जास्त वजन माळशेज उतरताना त्याच्या अंगावर असतं. एखाद्या दिवशी पाच-दहा क्रेट वर गेले तर मी काही म्हणणार नाही. रोजची सवय लावू नको.

घाट उतरताना ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आणि त्याहून पुढे जाऊन इंजिन बंद करणारे मी बघितलेत. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो तो इंजिनवर चालणाऱ्या पंपातून, इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड. लागोपाठ ब्रेक दाबत उतरलास तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं. जळका वास आला की बाजूला घेऊन अर्धा तास थांब, पाणी मारू नको, ड्रम तडकतो.

आता तुझ्या त्या गाडीचं. सीझन तोंडावर आला की पिकअपचे भाव चढतात, तेव्हा घाई मालकाला नाही, तुला आहे हे त्याला दिसू देऊ नको. आधी न सांगता एकदा लांबून बघून ये, ती उभी असते त्या जागेवर खाली ऑइलचे डाग आहेत का. मग सकाळी सहाला तुझा मिस्त्री घेऊन जा, आधी इंजिनवर हात, मग पोतं टाकून गाडीखाली. ती चार ठिकाणं घासल्यावर लोखंड स्वच्छ निघालं, झाकण उडालं नाही आणि पाटे कंपनीचेच असले तर साडेतीनपासून बोलायला सुरुवात कर आणि पावणेचारला थांब. पट्टी निघाली तर मालकाशी वाद न घालता ब्रश उचल आणि घरी ये, आणि पेन्सिल छापेचा तो कागद वडिलांना दाखव, त्यांना कळेल पोरगं नुसता रंग बघून आलेलं नाही.